पाळणा घरात येण्यापूर्वी





ज्या घरात पहिल्या अपत्याची चाहूल लागते, त्या घराची हवाच पालटून जाते. दिवस मोजले जातात, नावे सुचवली जातात आणि पाचवा-सहावा महिना सरतो न सरतो तोच एक यादी तयार होऊ लागते. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, गादी, मच्छरदाणी, पाळणा, बाबागाडी, वॉकर, दुधाच्या बाटल्या, बाटल्या उकळण्याचे यंत्र. यादी लांबत जाते आणि तिच्यासोबत चिंताही.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेले बजाजनगर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. १९८० च्या दशकात बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला, पाठोपाठ लहान-मोठे उद्योग आले आणि बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी या पट्ट्यात कामगारांची वस्ती वाढत गेली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून तरुण येथे आले. एका-दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडले. त्यांच्या घरी नानी नाही, दादी नाही. बाळाला काय लागते आणि काय लागत नाही, हे सांगणारे वडीलधारे माणूस शेकडो मैल दूर आहे. मग हे ज्ञान दुकानदाराकडून मिळते किंवा हातातल्या मोबाईलवरून. विकणाऱ्याने सांगितलेली गरज कधी लहान नसते, हे वेगळे सांगायला नको.

अशाच एका तरुणाने इशाच्या नमाजीनंतर विचारलेला प्रश्न या लेखाला निमित्त ठरला. तो म्हणाला, "मौलाना, सामानाची यादी माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा मोठी झाली आहे. त्यातले काही वगळले, तर बाळाचा हक्क मारल्याचा गुन्हा माझ्यावर येईल का?"

प्रश्न साधा आहे. पण त्यात एक फार मोठी गोष्ट दडलेली आहे. बाळाचा हक्क म्हणजे नेमके काय? तो बाजारात मिळतो काय? इस्लामने या प्रश्नाचे उत्तर मोघम ठेवलेले नाही. चला, ते क्रमाने पाहू या.

बाळासाठीचा खर्च हे पुण्यकर्म आहे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आपल्या मुलाबाळांसाठी खर्च करणे म्हणजे दुनियादारी आणि मशिदीच्या पेटीत टाकणे तेवढेच पुण्य, असे समजणे बरोबर नाही. सहीह मुस्लिममध्ये एक प्रेषितवचन आहे. त्याचा आशय असा की, अल्लाहच्या मार्गात दिलेला दीनार, गुलामाच्या मुक्तीसाठी दिलेला दीनार, गरिबाला दिलेला दीनार आणि घरच्यांवर खर्च केलेला दीनार, या चौघांत सर्वाधिक मोबदला घरच्यांवर खर्च केलेल्या दीनाराचा आहे. तेव्हा गुलमंडीत किंवा शहागंजात बाळासाठी दुपटी निवडणारा बाप, त्याची नियत शुद्ध असेल तर, त्या क्षणी इबादतच करीत असतो.

परंतु इबादतीला मर्यादा असतात, तशा या खर्चालाही आहेत. सूरह अल्-फुरकानमध्ये (२५:६७) परम दयाळूच्या दासांची ओळख सांगितली आहे. ते खर्च करतात तेव्हा उधळपट्टी करीत नाहीत आणि हातही आखडत नाहीत. त्यांचा मार्ग या दोहोंच्या मधला असतो. आणि आपल्या तरुणाच्या प्रश्नाचे थेट उत्तर सूरह अत्-तलाकमध्ये (६५:६-७) आहे. घटस्फोट दिलेली स्त्री गर्भवती असेल, तर प्रसूत होईपर्यंत तिच्यावर खर्च करावा, असा आदेश तेथे आहे. त्याच ओघात पुढे सांगितले आहे की, सुबत्ता असलेल्याने आपल्या सुबत्तेनुसार खर्च करावा आणि ज्याची उपजीविका मोजकी आहे त्याने अल्लाहने दिले आहे त्यातून करावा. अल्लाहने ज्याला जेवढे दिले, त्यापलीकडचे ओझे तो कोणावरही टाकीत नाही.

विचार करा. ज्या प्रसंगी नाते तुटलेले आहे, त्या प्रसंगीही गर्भवतीच्या पोषणाची काळजी घेतली गेली आणि त्याच वेळी बापाच्या खिशाचीही. अल्लाहने जे ओझे टाकले नाही, ते शेजाऱ्याच्या बाबागाडीकडे पाहून आपण स्वतःच्या खांद्यावर का घ्यावे?

आधी आई, मग पाळणा

दिव्य कुरआनात दोन मातांच्या प्रसूतिकाळाचे चित्रण आहे. आपल्या यादीचा क्रम कसा असावा, हे त्या दोन प्रसंगांतून उमगते.

पहिला प्रसंग हजरत मरयम (अ.स.) यांचा. सूरह मरयममध्ये (१९:२२-२६) तो आला आहे. त्या एकट्या आहेत, लोकांपासून दूर आहेत, प्रसूतिवेदनांनी त्यांना खजुराच्या बुंध्याशी आणले आहे आणि त्या व्याकूळ झाल्या आहेत. अशा वेळी अल्लाहकडून काय आले? त्यांच्या पायथ्याशी पाण्याचा झरा आला. बुंधा हलवला की ताजे खजूर पडतील, असे सांगण्यात आले. खा, प्या आणि डोळे निववा, असा दिलासा देण्यात आला. लक्षात घ्या, त्या घटकेला आलेली ही सारी सामग्री आईसाठी होती. पाणी आईसाठी, अन्न आईसाठी, धीराचा शब्द आईसाठी. ईसा (अ.स.) यांच्यासारख्या महान प्रेषिताच्या आगमनाची तयारी त्यांच्या मातेच्या सांभाळापासून सुरू झाली.

दुसरा प्रसंग हजरत मूसा (अ.स.) यांच्या मातेचा. त्यांनी तान्ह्या बाळाला पेटीत ठेवून नदीत सोडले, हे आपण सर्व जाणतो. पण सूरह अल्-कससमधील आयत (२८:७) बारकाईने वाचा. तेथे पहिला आदेश बाळाला दूध पाजण्याचा आहे. भीती वाटू लागली की नदीत सोड, हा आदेश त्यानंतरचा. फिरऔनचे सैनिक मुलगे शोधत असताना, जिवावर बेतलेले असतानाही, पेटीच्या आधी आईच्या दुधाचा उल्लेख आला.

आता आपल्या घराकडे पाहा. पाळणा सातव्या महिन्यात दारात आलेला असतो. पण त्या घरच्या सुनेने लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या आहेत काय? गरोदरपणात १८० दिवस रोज एक गोळी, हे शासकीय आरोग्य केंद्रातून विनामूल्य मिळते. प्रसूतीपूर्वी किमान चार तपासण्या व्हाव्यात, असा आरोग्य विभागाचा आग्रह आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते. शिफ्ट बुडते म्हणून तपासणी टाळायची आणि त्याच शिफ्टच्या पैशातून बाबागाडी घ्यायची, हा उलटा हिशेब आहे. सूरह लुकमानमध्ये (३१:१४) अल्लाहने म्हटले आहे की, आई अशक्तपणावर अशक्तपणा सोसून मुलाला पोटात वाढवते. ज्या अशक्तपणाची दखल साक्षात अल्लाहने घेतली, त्याची दखल पतीने आणि सासूने घेऊ नये काय?

दुधाच्या बाटलीबद्दलही दोन शब्द. कुरआनने स्तनपानाचा पूर्ण काळ दोन वर्षांचा सांगितला आहे (२:२३३). जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे आणि सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, काही घरांत अजूनही काढून टाकले जाते. ते बाळाच्या रक्षणासाठी अल्लाहने दिलेले पहिले औषध आहे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने तान्ह्या मुलांच्या डब्याच्या दुधाची आणि दूधबाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी आहे. ज्या वस्तूची जाहिरात करणे कायद्याने मना आहे, ती आपल्या यादीत पहिल्या क्रमांकावर कशी आली, याचा विचार करावा. मात्र एखाद्या मातेला दूध येत नसेल किंवा आजारामुळे पाजता येत नसेल, तर तिला दोष देणे हा जुलूम आहे. त्याच आयतीत दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजवून घेण्याची मुभा आहे आणि स्वतः प्रेषित (स.) हजरत हलीमा सअदिया (रजि.) यांच्या दुधावर वाढले. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे.

पहिले बाळंतपण आणि नानाचे कर्ज

आता ज्या गोष्टीबद्दल बोलणे सर्वांत अवघड आहे, तिच्याकडे येऊ.

आपल्या समाजात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. लेकीला त्या दिवसांत आईचा सहवास मिळावा, हा त्यामागचा हेतू सुंदर आहे. पण या सुंदर हेतूभोवती मागण्यांचे काटेरी कुंपण उभे राहिले आहे. सतवासा माहेरच्यांनी करायचा, दवाखान्याचे बिल माहेरच्यांनी भरायचे, छट्टी आणि चिल्ल्याला जेवणावळी माहेरच्यांनी घालायच्या आणि लेक सासरी परतताना पाळणा, बाळंतविडा, बाळाच्या अंगावर सोने-चांदी, शिवाय सासू-नणंदांचे कपडे, हेही त्यांनीच द्यायचे. कोणी थेट मागत नाही, फक्त विचारले जाते, "पाळणा कधी येतोय तुमच्याकडून?" एवढ्या एका वाक्याने एखाद्या बापाची झोप उडते. लेकीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटलेले नसते, तोच तो नव्या कर्जासाठी दार ठोठावतो. शेतावर राबणारा किंवा हातगाडी ओढणारा तो नाना नातवाचे तोंड पाहण्यापूर्वी सावकाराचे तोंड पाहतो.

बंधूंनो, अल्लाहचा आदेश काय आहे? सूरह अल्-बकराच्या त्याच आयतीत (२:२३३) स्पष्ट सांगितले आहे की, बाळाला पाजणाऱ्या मातांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी, रीतीला धरून, ज्याचे ते मूल आहे त्या बापावर आहे. पुढे असेही म्हटले आहे की, मुलाच्या कारणाने आईला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही दिला जाऊ नये. जबाबदारी कुरआनने बापावर टाकली. रिवाजाने ती उचलून नानाच्या डोक्यावर ठेवली. आपण कोणाचे ऐकणार?

खुशीने दिलेली भेट स्वीकारणे सुन्नत आहे, यात शंका नाही. नाना-नानीने प्रेमाने शिवलेली गोधडी नाकारा, असे कोणीही म्हणत नाही. पण मनाच्या खुशीशिवाय मुसलमानाचा माल दुसऱ्याला हलाल नाही, असा प्रेषितवचनाचा आशय आहे. लोकलाजेने, लेकीला टोमणे ऐकावे लागतील या भीतीने दिलेली वस्तू खुशीची भेट कशी म्हणायची? ज्या पाळण्यासाठी एका बापाने व्याजाने पैसे काढले, त्या पाळण्यात आपले लेकरू झोपवताना आपल्याला शांत झोप लागेल काय? आणि हेच बाळाच्या पित्यालाही लागू आहे. व्याजाच्या हप्त्यावर घेतलेली बाबागाडी कितीही मऊ असली, तरी ज्या व्यवहाराविरुद्ध अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताने युद्धाची घोषणा केली आहे (२:२७९), त्या व्यवहाराने बाळाचे स्वागत होऊ नये. रोख जमेल तेवढेच घ्यावे. फारच गरज पडली, तर नातलगांत कर्जे-हसना, म्हणजे बिनव्याजी उसनवारी मागावी.

तरुण पतींनो, हे काम तुमचे आहे. तुमच्या आईसमोर आदराने, पण ठामपणे सांगा, "अम्मी, हे मूल माझे आहे. याचा खर्च मी करणार. सासऱ्यांकडून काही मागायचे नाही." या एका वाक्याने तुमच्या पत्नीच्या मनावरचे जे ओझे उतरेल, ते कोणत्याही टॉनिकने उतरणार नाही.

ज्या घरात हजरत हसन (रजि.) आणि हजरत हुसैन (रजि.) जन्मले, त्या घराचे सामान आठवा. हदीसमध्ये उल्लेख आहे की, प्रेषितांनी (स.) आपली लाडकी कन्या फातिमा (रजि.) यांना देऊन पाठवलेल्या वस्तूंमध्ये एक जाडसर वस्त्र, पाण्याची मशक आणि सुगंधी गवत भरलेली चामड्याची उशी होती. महरसाठी हजरत अली (रजि.) यांनी आपले चिलखत दिले होते. हिजरी सन ३ आणि ४ मध्ये त्या घरात दोन बाळे आली. त्यांच्या अंगावर दागिने घातल्याचे कोणी सांगत नाही. आजोबांच्या खांद्यावर बसल्याचे मात्र सारे सांगतात.

रिकामा पाळणा आणि मनातली भीती

एकीकडे महिनोन्महिने आधी खरेदी, तर दुसरीकडे काही घरांत याच्या नेमके उलट. बाळ होण्यापूर्वी काहीही आणायचे नाही, अपशकुन होतो. रिकामा पाळणा हलवायचा नाही. अमुक दिवशी खरेदी नको. बाळ आले की हातात काळा दोरा आणि उशाखाली चाकू. परिणाम असा की, प्रसूतीच्या रात्री अंग पुसायला धड कापड घरात नसते.

इस्लाममध्ये अपशकुन नाही, प्रेषितांनी (स.) हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. त्यांच्या जीवनातला एक प्रसंग या बाबतीत पुरेसा आहे. त्यांचा तान्हा पुत्र इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. पुत्रवियोगाने डोळे पाणावलेल्या त्या पित्याने लोकांना समजावले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मृत्यूने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. स्वतःच्या दुःखाच्या क्षणीही त्यांनी अंधश्रद्धेला थारा दिला नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. काही घरांत दुर्दैवाने बाळ हाती लागत नाही. तेव्हा आधीच खचलेल्या त्या मातेला ऐकवले जाते, "तूच घाई केलीस, आधीच पाळणा आणलास." भगिनींनो, हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नका. ज्या आईने आशेने चार कपडे शिवले, तिने काहीही गैर केले नाही. जीवन आणि मृत्यू पाळण्याच्या हाती नाहीत. तिच्याजवळ बसा, तिच्यासाठी दुआ करा. आपल्या पुत्रासाठी प्रेषित (स.) रडले होते, तिलाही रडू द्या.

नजर लागण्याची भीती वाटते ना? त्यावर उपायही सुन्नतमध्येच आहे. प्रेषित (स.) हसन आणि हुसैन यांच्यासाठी प्रत्येक सैतानापासून, विषारी जिवापासून आणि वाईट नजरेपासून अल्लाहच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय मागत असत. हजरत इब्राहीम (अ.स.) आपल्या पुत्रांसाठी हाच आश्रय मागत, असेही त्यांनी सांगितले. सहीह बुखारीत असलेली ही छोटी दुआ पती-पत्नी दोघांनी प्रसूतीपूर्वीच पाठ करावी. यादीतली ही एकच गोष्ट अशी आहे, जी बाजारात मिळत नाही.

आधी उंट बांधा

भरवसा अल्लाहवर ठेवावा. पण उंट मोकळा सोडून नव्हे. आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. बाळाच्या सामानाबाबतही हेच लागू आहे.

महाग वस्तू सुरक्षित असतेच असे नाही. वॉकरचे उदाहरण घ्या. चाकांच्या वॉकरमुळे मुले जिन्यावरून पडतात, गरम भांड्यांपर्यंत पोहोचतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र एका खोलीच्या घरात, जिथे गॅसची शेगडी हाताच्या अंतरावर असते, तिथे तो कौतुकाने आणला जातो. साडीची झोळी ही आपली जुनी आणि स्वस्त सोय आहे. पण छताची कडी आणि गाठ रोज तपासावी, झोळी जमिनीपासून फार उंच नसावी आणि त्यात बाळाला एकटे सोडून जाऊ नये. निजवताना बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर ठेवावे. तोंडाजवळ उशा, जाड पांघरुणे, मऊ खेळणी नसावीत. गोदावरीच्या या पट्ट्यात पावसाळ्यात डासांचा उपद्रव असतो. तेव्हा मच्छरदाणी ही चैन नव्हे, गरज आहे. आणि बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून दुचाकीवर आणू नये. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात प्रसूती मोफत आहे आणि घरी सोडण्यासाठी वाहनाचीही तरतूद आहे. घाटी रुग्णालयातून निघताना ते हक्काने मागावे.

पाळणा फिरता असावा

आता या लेखातील शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाळणा फार तर वर्षभर वापरला जातो. झबली दोन-तीन महिन्यांत लहान होतात. नंतर ते सारे माळ्यावर जाते, तेथून भंगारात. आणि त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे दुसरा एक बाप तोच पाळणा विकत घेण्यासाठी ओव्हरटाइम करीत असतो.

सूरह अल्-माऊन आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाला पाठ आहे. नमाजीत आपण ती वारंवार पठण करतो. तिच्या शेवटच्या आयतीत ज्यांच्यावर ठपका ठेवला आहे, ते माऊन द्यायला नकार देणारे लोक आहेत. माऊन म्हणजे काय? अबू दाऊदच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे स्पष्टीकरण आहे की, प्रेषितांच्या (स.) काळात आम्ही बादली आणि हंडी वापरायला देणे यालाच माऊन समजत असू. म्हणजे शेजाऱ्याने मागितली, काम झाले की परत केली, अशी रोजच्या वापरातली वस्तू. आपल्या वस्तीत आज कोणी हंडी मागायला येत नाही. आपल्या काळातले माऊन पाळणा आहे, बाबागाडी आहे, मच्छरदाणी आहे.

मग असे का होऊ नये की, प्रत्येक मोहल्ल्यात मशिदीच्या एखाद्या कोपऱ्यात किंवा एखाद्या भगिनीच्या घरी चार पाळणे, दोन बाबागाड्या आणि स्वच्छ धुतलेल्या दुपट्यांचे एक कपाट असावे? एका वहीत नोंद ठेवावी. गरजेच्या घराने न्यावे, वर्षभराने परत करावे. नेणाऱ्याचे नाव जाहीर होऊ नये आणि शेजारची बहीण मराठा आहे, बौद्ध आहे की बिहारमधून आलेली आहे, हे विचारले जाऊ नये. शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही. मात्र एक पथ्य पाळावे. स्वतः डोळे मिटल्याशिवाय जे घेणार नाही, असे टाकाऊ दुसऱ्याला देण्याचा विचार करू नका, अशी ताकीद कुरआनात आहे (२:२६७). मोडकी कडी दुरुस्त करून, कपडे धुऊन, उन्हात वाळवून मगच द्यावे.

वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा कसला? नव्या बाळाला जुने कपडे घालण्याची मराठी घरांत परंपराच आहे. धुवून धुवून मऊ झालेल्या धोतरा-लुगड्यांची दुपटी तान्ह्याच्या त्वचेला नव्या कापडापेक्षा अधिक मानवतात.

बाळाची सामग्री ही केवळ एका घराची खाजगी बाब नाही, हे हजरत उमर (रजि.) यांनी जगाला दाखवून दिले. प्रसंग इतिहासग्रंथांत आला आहे. मदीनेबाहेर एक काफिला उतरला होता. रात्रीच्या गस्तीत उमर (रजि.) यांना एका तान्ह्याचे रडणे पुन्हा पुन्हा ऐकू आले. आईला विचारले, तर कळले की खलिफा दूध सुटलेल्या मुलांनाच भत्ता देतो, म्हणून ती बाळाचे दूध वेळेआधी सोडवीत होती. समोर उभा असलेला माणूस खलिफा आहे, हे तिला ठाऊक नव्हते. त्या दिवशी फज्रच्या नमाजीत रडण्यामुळे त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू येईना. नंतर त्यांनी जाहीर केले की, यापुढे भत्ता जन्मापासून मिळेल.

जगात पुढे अशाच कल्पना निघाल्या. फिनलंडने १९३८ मध्ये गरीब मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी देणे सुरू केले आणि १९४९ पासून ती सर्व मातांसाठी खुली केली. अट एकच, चौथा महिना संपण्यापूर्वी आईने तपासणी करून घ्यावी. ती रिकामी पेटीच बाळाचा पहिला बिछाना होत असे. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०१९ मध्ये शासकीय रुग्णालयात पहिल्यांदा प्रसूत होणाऱ्या मातांसाठी सुमारे २००० रुपयांच्या 'बेबी केअर किट'ची योजना सुरू केली. कपडे, छोटी गादी, टॉवेल, तापमापी, मच्छरदाणी अशा वस्तू त्यात ठरवल्या गेल्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये, अटी पूर्ण करणाऱ्या मातांना मिळतात. कारखान्यात काम करणाऱ्या भगिनींना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायदेशीर हक्क आहे. आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे नाव नोंदवण्यास संकोच करू नका. ही भीक नव्हे, ज्या भावनेने उमर (रजि.) रडले, तीच भावना कायद्यात उतरली आहे.

खरी यादी

तर बाळाचा हक्क कशात आहे? हलाल कमाईत. आईच्या आरोग्यात. दोन वर्षांच्या दुधात. चांगल्या नावात, कानात पडणाऱ्या अजानमध्ये आणि ऐपत असेल तर सातव्या दिवशीच्या अकीक्यात. मुलगी झाली तरी तितक्याच आनंदात; सूरह अश्-शूरात (४२:४९) अल्लाहने आपल्या देणगीचा उल्लेख करताना मुलींचे नाव आधी घेतले आहे. आणि बापाच्या सहवासात. प्रेषित (स.) घरात काय करीत, असे विचारले असता हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत. नाईट शिफ्ट करून आलेल्या बापाने तासभर बाळाला मांडीवर घेतले, तर त्या थकलेल्या आईला जी झोप मिळेल, ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

मराठीतील 'पाळणा' या शब्दाचे नाते 'पालन' या शब्दाशी आहे. लाकडाच्या चौकटीला हे नाव मिळाले ते त्या कर्तव्यामुळे. अल्लाहने मुलांना आई-बापासाठी जी दुआ शिकवली (१७:२४), तिच्यात याच पालनाची आठवण आहे. त्यांनी मला लहानपणी जसे सांभाळले, तशी तू त्यांच्यावर दया कर, असा तिचा आशय आहे. उद्या आपली मुले ही दुआ मागतील, तेव्हा आपण काय विकत घेतले होते, याचा तिच्यात उल्लेख नसेल.

हे अल्लाह! ज्या घरांत बाळाची प्रतीक्षा आहे, त्या घरांवर कृपा कर. मातांची प्रसूती सुलभ कर. पित्यांच्या कमाईत बरकत दे आणि त्यांना व्याजापासून व दिखाव्यापासून वाचव. लेकींच्या बापांवरचे ओझे हलके कर. ज्यांच्या कुशी रिकाम्या राहिल्या, त्यांच्या मनाला धीर दे. आणि आमच्या घरातले पाळणे आमच्या शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडोत, अशी आम्हाला बुद्धी दे. आमीन.